रंगाच्या आधी पत्रा

नांगराचा फाळ पावसात बांधावर विसरला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर काय चढते? तांबूस गंज. हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण फाळ जाड असतो. तो घासला, चार तास मातीत चालवला, की पुन्हा चकचकीत होतो. लोखंडी बादलीचे तसे नाही. तिचा पत्रा पातळ. बुडाशी एकदा गंज धरला, की एक दिवस बोट आरपार जाते.

मोटारीचे अंग या बादलीसारखे आहे. बाहेरून ते भक्कम दिसते. पण जुन्या मोटारीच्या अंगाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही थोडा पातळ असतो. रुपयाचे नाणे घ्या. त्याच्यापेक्षाही तो पत्रा पातळ आहे. एवढ्या पातळ पत्र्याला गंज लागला, खड्डा पडला, तर तो नीट कसा करायचा? आणि रंग मारण्याच्या आधीच तो का करायचा? हे या पाठात पाहू.

तुम्ही म्हणाल, आम्हाला जुन्या मोटारीचे काय करायचे आहे? बरे, मोटार राहू द्या. ट्रॅक्टरचे बॉनेट आहे, जीपचा मडगार्ड आहे, टेम्पोचे दार आहे. पत्रा सगळीकडे पत्राच. आणि जुनी गाडी विकत घ्यायचा मोह कोणाला केव्हा होईल, हे सांगता येत नाही. आमच्या ओळखीच्या दोघा भावांना झाला. त्यांचीच गोष्ट आधी सांगतो.

या भावांचे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी मुंबईत टॅक्सी चालवीत. गाडी होती फियाट. ही गाडी मूळची इटली देशातली. पण आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीत तयार होई. ही कंपनी 1944 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढली. 1964 च्या आधीच्या फियाटला आपले लोक डुक्कर फियाट म्हणत. तिचे नाक-तोंड गोलमटोल होते, म्हणून. पुढे चौकोनी धाटणीची फियाट आली आणि तिचेच नाव नंतर प्रीमियर पद्मिनी झाले. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची मुंबईची टॅक्सी ती हीच. 2000 सालाच्या सुमारास ही गाडी तयार होणे बंद झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

ती बातमी आबांनी वाचली आणि दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. मुलांनी ओळखले. सोयाबीनचे पैसे हातात होते. शोध करकरून त्यांनी एक जुनी फियाट मिळवली, 1969 सालची. मलईसारखा रंग, आरशासारखी चकाकी. विकणारा म्हणाला, "नुसती चालवा, काही बघायला नको." दसऱ्याला गाडीची पूजा झाली. आबांनी स्वतः तिला देवळापर्यंत चालवत नेली.

पुढचा आषाढ आला. दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड आले. उकळत्या तेलाचे थेंब उडाल्यावर हातावर येतात ना, तसे. धाकट्याने एक फोड नखाने फोडला. आतून तांबडे पाणी आले.

गाडी तालुक्याच्या मिस्त्रींकडे गेली. आम्हीही बरोबर होतो. मिस्त्रींनी खिशातून एक लहान लोहचुंबक काढले. ते फडक्यात गुंडाळले. टपाला लावले, तर ते चटकन चिकटले. बॉनेटला लावले, चिकटले. दाराखाली लावले, तर ते खाली घसरून पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. मग मिस्त्रींनी स्क्रू-पिळण्याचे टोक तिथे नुसते टेकवून दाबले. ते मुठीपर्यंत आत गेले. भोकातून काय बाहेर आले? लांबीचे ढेकूळ, गोणपाटाचा तुकडा आणि चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद.

लांबी म्हणजे काय, ते सुताराला आणि रंगाऱ्याला ठाऊक आहे. लाकडातली फट, पत्र्यातला खळगा भरायचा तो लगदा. गाडीला लावायची लांबी वेगळी असते. तिच्यात दुसऱ्या ट्यूबमधले औषध मिसळले की ती काही मिनिटांत दगडासारखी होते. लांबी ही वाईट वस्तू नव्हे. पण विकणाऱ्याने इथे पत्र्याच्या जागीच लांबी बसवली होती. पत्रा गंजून गेला होता. भोकात कागद कोंबला, वर लांबी थापली, घासली आणि रंग मारला. दसऱ्यापुरते काम झाले.

थोरला भाऊ गप्प बसला. धाकटा म्हणाला, "मिस्त्री, आता पैसे संपले हो. पुन्हा लांबी भरा, रंग मारा. दिसायला बरी झाली म्हणजे झालं."

मिस्त्रींनी विचारले, "आत कोण बसणार?"

"आबा. आणि पोरं."

"मग ते काम मी नाही करत, दादा. दुसरीकडं न्या."

मिस्त्री असे का म्हणाले, ते समजून घेतले पाहिजे.

ट्रकला, जीपला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो. त्याला चासी म्हणतात. बैलगाडीला खालचा भक्कम आधार असतो आणि वर माणसे बसतात, तसेच ते. जीपच्या अंगाचा पत्रा गंजला, तरी खालचा सांगाडा शाबूत असतो. फियाटला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याला घड्या घालून, त्याचे लांबट डबे करून, ते एकमेकांना जोडून गाडीचे अंग तयार केलेले असते. ते अंग हाच सांगाडा. अॅम्बॅसडरचेही असेच, आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींचेही असेच.

पातळ पत्र्यात एवढे बळ कुठून येते? काडेपेटीचे बाहेरचे टरफल घ्या. ते नुसत्या पातळ पुठ्ठ्याचे असते. तरी बोटांनी दाबले तर जोर धरते, कारण चारी बाजू एकमेकींना धरून असतात. आता एक बाजू फाडून टाका आणि पुन्हा दाबा. लगेच चपटे होते. दाराच्या खाली, दोन चाकांच्या मधे, एक लांबट पत्र्याची पेटी असते. गाडीत चढताना आपण तिच्यावरून पाय टाकतो. फियाटसारख्या गाडीचा पुष्कळसा भार ही पेटी सांभाळते. तिची एक बाजू गंजून गेली, की फाडलेल्या काडेपेटीची गत होते. दारे लोंबू लागतात, नीट लागत नाहीत. जॅक लावायला जावे, तर तो पत्र्यात घुसतो. आणि गाडीला बाजूने किंवा समोरून धडक बसली, तर जिथे अंगाने तग धरायचा तिथेच ते दुमडते. लांबीने ती पेटी भरली, तरी लांबीला बळ नाही. ती वाकत नाही, ताण घेत नाही, नुसती तडकते.

म्हणून मिस्त्री नाही म्हणाले. भावांनी रात्रभर विचार केला. मग गाडी तिथेच सोडली आणि म्हणाले, "सावकाश करा, पण पत्र्याचंच काम करा."

गंज आत जातो कसा? बाहेरच्या पावसाने गाडी गंजते, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे बाहेरच्या अंगाला रंग असतो. गंज पुष्कळदा आतून येतो. दाराची काच खाली-वर होते, तिच्या रबरी पट्टीच्या फटीतून पाणी दाराच्या आत उतरते. हे कारखान्यालाही माहीत असते. म्हणून दाराच्या तळाला लहान भोके ठेवलेली असतात. त्यांतून पाणी निघून जावे. पण वर्षानुवर्षे धूळ, पाने, माती आत साचते. भोके बुजतात. मग दाराच्या पोटात चिखल राहतो आणि ओल कधी वाळतच नाही. मडगार्डच्या आत चाकाने उडवलेली माती बसते, तिचेही तेच. पायाखाली रबराची चटई, तिच्याखाली गोणपाट. एकदा भिजले की महिनाभर ओले. समुद्रकाठच्या गाडीला तर खारी हवा. लोखंड, पाणी आणि हवा, तिघे भेटले की गंज. त्यात मीठ पडले, की काम आणखी झपाट्याने होते.

आणखी एक गोष्ट. लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो. म्हणून रंग वर उचलला जातो आणि फोड दिसतो. बाहेर फोड दिसला, तेव्हा आतून पत्रा बराचसा खाल्लेला असतो, असे धरून चालावे.

जुनी गाडी घ्यायची असेल, तर मिस्त्रींचे चुंबक आपणही वापरावे. फडक्यात गुंडाळावे, म्हणजे रंगावर ओरखडा पडणार नाही. आधी टपाला लावून किती जोराने चिकटते ते पाहावे. मग दाराच्या खालच्या कडा, मडगार्ड, डिकीचा तळ, या जागी लावून पाहावे. थोडीशी लांबी असेल, तर ते जरा सैल चिकटते. जाड थर असेल, तर मुळीच चिकटत नाही. (फियाटचे अंग लोखंडी आहे म्हणून हे चालते. काही नव्या गाड्यांचे काही भाग प्लॅस्टिकचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात, तिथे चुंबक बिचारे काय करणार?) मडके घेताना आपण टिचकी मारतो. तशी पत्र्यावरही मारावी. मोकळा पत्रा वाजतो, लांबीखालचा पत्रा बद्द बोलतो. चटई उचलून पायाखालचा पत्रा पाहावा. गुडघे टेकून गाडीच्या खाली पाहावे. विकणारा "कशाला कपडे खराब करता" असे म्हणाला, तर हटकून पाहावे.

आता काम कसे चालले ते सांगतो. आम्ही त्या गॅरेजात चार-पाच वेळा गेलो.

पहिले काम हातोडीचे नव्हे. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली. मग पेट्रोलची टाकी उतरवून दूर, शेडच्या बाहेर नेऊन ठेवली. आम्ही म्हटले, "टाकी तर रिकामी आहे."

मिस्त्री म्हणाले, "रिकामीचीच भीती जास्त."

हे नीट लक्षात घ्या. पेट्रोल जळते ते वाफ होऊन. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरलेली. एक ठिणगी पडली, की ती बॉम्बसारखी फुटते. पाण्याने विसळलेल्या टाकीतही वाफ राहते. म्हणून टाकीजवळ वेल्डिंग करू नये. टाकीला स्वतः वेल्डिंग करायला तर मुळीच जाऊ नये.

मग जुना रंग काढला. जुन्या रंगांत पुष्कळदा शिसे असते. रंग घासला की शिशाची धूळ नाकातोंडात जाते. ती अंगात साठते. लहान पोरांना तर ती फार वाईट, त्यांच्या डोक्याची वाढच खुंटते. मिस्त्रींनी तोंडाला चांगला मुखवटा बांधला. नुसता रुमाल नव्हे, धूळ अडवणारा मुखवटा. रंग पाण्याने भिजवून घासला, म्हणजे धूळ उडत नाही. घासलेला गाळ गोळा करून वेगळा ठेवला. शेजारची पोरे बघायला जमली होती, त्यांना हाकलून लावले. हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

रंग निघाला आणि गाडीचे खरे रूप दिसले. थोरला भाऊ म्हणाला, "ही तर चाळणी आहे." डावी पेटी खाऊन गेलेली. दोन दारांचे तळ गेलेले. पायाखाली वीतभर भोक. उजव्या मडगार्डला जुना ठोका, त्यात बोटभर जाड लांबी.

मडगार्डचा खड्डा मिस्त्रींनी आधी घेतला. आम्हाला वाटले, आतून चार घणाघाती ठोके मारतील आणि खड्डा बाहेर येईल. तसे केले असते तर पत्रा बिघडला असता. खड्डा पडतो तेव्हा जिथे मार लागतो तो भाग आत जातो, आणि त्याच्या भोवती पत्र्याची कड वर उचलली जाते. तळ्याला बांध असतो तशी. ही कड खड्ड्याला धरून ठेवते. म्हणून मिस्त्रींनी बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली. एका हातात पोलादी ठोकळा, त्याला ते डॉली म्हणतात. तो आतून खोलगट जागी दाबून धरला. दुसऱ्या हातात हलकी हातोडी. तिने बाहेरून उचललेली कड हळूहळू खाली बसवली. टक, टक, टक. कड बसत गेली, तसा खड्डा आपोआप वर येत गेला. मार जसा लागत गेला, त्याच्या उलट्या क्रमाने तो काढायचा. शेवटी बसलेला वाकडेपणा आधी काढायचा.

पुष्कळदा ठोकळा आणि हातोडी समोरासमोर येऊ द्यायची नाहीत. का? चपातीचा गोळा पोळपाट आणि लाटणे यांच्यात सापडला की पसरतो. पत्राही हातोडी आणि ठोकळा यांच्यात चिरडला की पसरतो, पातळ होतो. पसरलेला पत्रा आधीच्या जागेत मावत नाही. मग तो फुगतो. दाबला की डब्याच्या झाकणासारखा टुकटुक आवाज करतो. नव्या मिस्त्रीकडून ही चूक हटकून होते, असे मिस्त्री सांगत होते. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः एका गाडीचे दार असे ठोकून ठोकून कढईसारखे करून ठेवले होते.

पसरलेला पत्रा परत आवळता येतो का? येतो. तो कसा, हे ऐकून आबा हसले. म्हणाले, "ही तर आपल्या लोहाराची धाव."

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात? धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात तापवतात. तापली की ती मोठी होते. मग चाकावर बसवून पाणी ओततात. ती आवळते आणि चाक घट्ट धरते. पत्र्याचेही तत्त्व असेच, पण एक फरक आहे. मिस्त्रींनी फुगलेल्या जागी गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा एकच ठिपका लाल केला. तापलेला ठिपका पसरू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो जागच्या जागी जाड होतो. त्याच वेळी हलके दोन ठोके मारले, ओले फडके लावले. ठिपका थंड होताना आवळला आणि त्याने भोवतीचा सैल पत्रा ओढून घेतला. एक ठिपका, मग थांबायचे, मग हात फिरवून पाहायचे, मग दुसरा. घाई केली, तर सगळा पत्रा चुरमडतो.

हात फिरवून पाहणे हे या कामात फार मोठे. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला कळते. मिस्त्री डोळे मिटून पत्र्यावर लांब हात फिरवीत. बोटांची टोके नव्हेत, सबंध तळवा. मधे पातळ फडके धरले, की खाचखळगा आणखी चांगला कळतो. भाकरी थापणाऱ्या बाईला हे सांगावे लागणार नाही. ती भाकरी कुठे जाड, कुठे पातळ, हे न बघता ओळखते.

गंजलेल्या भागाला मात्र ठोकून उपयोग नाही. तो कापूनच काढावा लागतो. सडलेला आंबा अढीत ठेवतो का आपण? मिस्त्रींनी भोकाभोवतीचा पत्रा कापला. भोकापुरता नव्हे, पांढरा चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत. कापताना वाटते, अरे, किती कापणार! पण कडेला थोडा जरी गंज ठेवला, तर नवा पत्रा जोडायला घट्ट लोखंडच मिळत नाही. वेल्डिंगची ज्योत लागताच कड वितळून जाते.

दाराखालची पेटी कापण्यापूर्वी मिस्त्रींनी गाडीचे अंग खालून नीट आधार देऊन उभे केले, आणि आतून लोखंडी सळ्यांचा तात्पुरता टेकू दिला. दारे लावूनच ठेवली. घराची भिंत काढताना आपण तुळईला टेकू देतो, त्यातलाच प्रकार. टेकू न देता पेटी कापली, तर गाडीचे अंग मधे झुकते. त्याच स्थितीत नवी पेटी जोडली, तर गाडी कायमची वाकडी होते आणि दार जन्मात लागत नाही. दर थोड्या वेळाने ते दार उघडून-लावून, दाराभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे ना, ते पाहात.

नवा तुकडा कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना केला. पुठ्ठा कसला? लग्नपत्रिकेचा. तो जागेवर धरून, कापून, पुन्हा धरून अगदी बरोबर केला. मग त्याच मापाने पत्रा कापला, घडी घातली. पुठ्ठा फुकट गेला तर काही जात नाही, पत्रा गेला तर पैसे जातात.

जोडताना सलग वेल्डिंग केले नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मग समोरच्या टोकाला एक. शिंपी जसे आधी कच्चे टाके घालतो. एका जागी उष्णता साचली, तर पातळ पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. प्रत्येक टाका निवू देत देत शेवटी सगळे टाके एकमेकांना भिडवले. दिसणाऱ्या भागात तुकड्याची कड कडेला भिडवून जोडली. एकावर एक पत्रा ठेवून जोडणे सोपे असते, पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरते आणि पुन्हा तिथूनच गंज. जिथे पत्र्यावर पत्रा ठेवावाच लागला, तिथे मिस्त्रींनी आधी वेल्डिंगखाली चालणारा जस्ताचा प्रायमर लावला आणि नंतर फट पक्की बुजवली.

जोडाची वर आलेली रेघ ग्राइंडरने घासली. तीही जपून. जोड घासता घासता शेजारचा पत्रा पातळ होतो, मग केलेले काम वाया.

एवढे झाल्यावर लांबीची पाळी आली. आधीच्या विकणाऱ्याने जिथून सुरुवात केली होती, तिथे मिस्त्री दोन महिन्यांनी पोहोचले! पूर्वी या लांबीच्या जागी कथील आणि शिसे यांचा मिश्र धातू वितळवून खळगे भरीत. भांड्याला कल्हई करतात तसे ते काम. पत्रा तापवायचा, नवसागरासारखे काही लावून साफ करायचा, कथलाचा पातळ हात द्यायचा आणि वर तो मऊ धातू लाकडी फळीने पसरायचा. फार टिकाऊ काम. पण त्यात शिसे आले, म्हणून ते यंत्राने घासायचे नाही, धूळ होते. कानशीने कापावे लागते. हे काम जाणणारे हात आता थोडे राहिले आहेत.

आजची लांबी लावायला सोपी आहे, आणि सोपी म्हणूनच तिचा गैरवापर होतो. मिस्त्रींचा नियम असा की पत्रा हातोडीने इतका सरळ करावा, की लांबी तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागूच नये. लांबी आणि तिचे औषध डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यायचे. औषध जास्त पडले, तर पुढे रंगातून डाग वर येतात. कमी पडले, तर लांबी कच्ची राहते. कालवताना रंग एकसारखा झाला पाहिजे, रेघा दिसता कामा नयेत. ते औषध डोळ्यात गेले, तर डोळा जाऊ शकतो. म्हणून चष्मा लावायचा. तरी उडालेच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचे आणि दवाखाना गाठायचा.

लांबी वाळल्यावर ती कोरडीच घासली. रंग काढताना पाणी वापरले, मग इथे का नाही? आम्हीही विचारले. कारण लांबी पाणी शोषते. ती ओली झाली आणि वरून रंग बसला, तर ते पाणी कुठे जाणार? खाली पत्र्याकडे. पत्रा गंजतो आणि पुन्हा फोड येतात. घासताना पॉलिश पेपर नुसत्या बोटांनी धरला नाही, तो लांब लाकडी ठोकळ्याला गुंडाळला. बोटांनी घासले, तर बोटांएवढ्या नळ्या पडतात. आधी 80 नंबरचा खरखरीत कागद, मग 180, मग 320. मधूनच मिस्त्री काळ्या रंगाची हलकी फवार मारीत आणि पुन्हा घाशीत. जिथे काळे राहिले तिथे खळगा. जिथे काळे भराभर गेले तिथे उंचवटा. अंधारातले खड्डे असे उघडे पडतात.

उघडा पत्रा फार वेळ तसा ठेवायचा नाही. पावसाळी हवेत तर एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते. घामट हात लागला, तर हाताचा ठसाच गंजतो. म्हणून पत्रा तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसून, कोरडा करून, त्याच दिवशी प्रायमर मारला. मिस्त्रींनी एपॉक्सी प्रायमर घेतला. तो पाण्याला चांगला अडवतो. साधा प्रायमर पाण्याला पुरता अडवत नाही. पुष्कळ लोक गाडीला साधा प्रायमर मारतात आणि "रंग दिवाळीला करू" म्हणून पावसाळाभर अंगणात ठेवतात. आतून गंज सुरू होतो आणि दिवाळीला त्यावरच रंग चढतो. एपॉक्सी असो की दोन डब्यांचा दुसरा कोणता रंग असो, तो फवारताना साधा मुखवटा पुरत नाही. रंगाला चालणारा मुखवटा लागतो आणि जागा मोकळी हवी. दोन डब्यांच्या काही रंगांनी कायमचा दमा जडतो.

पेटीच्या पोटात, दाराच्या आत फवाऱ्याच्या लांब नळीने मेणासारखे पातळ औषध मारले. जिथे हात पोहोचत नाही, तिथे ते पोहोचते.

एकंदर अडीच महिने पत्र्याला लागले. रंगाला सहा दिवस. पैशाचेही तेच झाले, रंगाचा खर्च पत्र्याच्या मानाने थोडा. धाकटा अजून कुरकुर करतो, "एवढ्यात दुसरी गाडी आली असती." त्याचे अगदीच चूक नाही. पण 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 2021 साली सरकारने वेगळी नोंदणी काढली आहे. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. तिला अट अशी की गाडीचे मूळ रूप बदललेले नसावे. अशी नोंदलेली गाडी भाड्याने किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. भावांनी अजून ते काही ठरवलेले नाही. आबांना रोज देवळापर्यंत जायचे असते ना!

गाडी घरी आली त्या दिवशी आम्ही तिथे होतो. सुनेने ओवाळले. आबांनी रंगाकडे पाहिलेच नाही. त्यांनी तांब्याभर पाणी मागवले आणि ते दाराच्या काचेवर, रबरी पट्टीच्या फटीत ओतले. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. थोडा वेळ गेला. दाराच्या तळातल्या भोकांतून पाणी टपटप अंगणात पडू लागले. आबांनी दुसऱ्या दारासाठी आणखी एक तांब्या मागवला.